‘येतो’ म्हणाला की येतो

१

त्या उन्हाळ्यात मिरजेला माझ्या खोलीवर दिवसाला दोन बादल्या पाणी यायचं. त्यातच अंघोळ, त्यातच कपडे आणि त्यातच भांडी. त्यामुळं फडतऱ्यांच्या पायरीवर काठोकाठ भरलेलं पितळी घंगाळ बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. त्र्याहत्तर सालचा मे महिना होता. खडकेवाडीच्या विहिरींनी तळ गाठलेला, गावच्या बाया सकाळपासून टँकरच्या वाटेवर कळशा मांडून बसलेल्या. आणि इथं घंगाळभर पाणी नुसतं पाय धुवायला.

मी शालू. मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स. माहेर मेढ्याकडचं, म्हणजे डोंगरातलं. माझी धाकटी बहीण चंद्रा या घरात दिलेली. कोरेगावच्या पूर्वेला चार गावांत या घराला ‘सुभेदारांची माडी’ म्हणत. खाली काळा दगड, वर सागवान, दर दिवाळीला चुना. पडझड कुठं नावालाही नाही. पणजोबा पलटणीतून सुभेदार होऊन आले तेव्हा त्यांनी बांधली, आणि पुढं प्रत्येक पिढीतला एक तरी पुरुष याच पायरीवरून पलटणीत गेला. सरपंच या घरातला, सोसायटीचा चेअरमन या घरातला. चंद्राचं स्थळ जमलं तेव्हा आमच्या वडलांना आठ दिवस झोप आली नव्हती.

चंद्राचा नवरा नाथाजी एकाहत्तरच्या डिसेंबरात पूर्वेच्या आघाडीवर नदी ओलांडताना गेला. तार आली, देह आला नाही. दीड वर्ष झालं. पोरगी बावीस वर्षांची, मॅट्रिक पास. मी आमच्या मेट्रनच्या हातापाया पडून नर्सिंगच्या वर्गात तिच्यासाठी एक जागा धरून ठेवली होती. जूनच्या आरंभी हजर झाली नाही तर जागा दुसरीला. मी तिला न्यायला आले होते, आणि घेतल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवूनच आले होते.

स्वयंपाकाच्या बनाबाईनं माझ्या पायावर पाणी घातलं आणि ती बाजूला झाली. मी उंबऱ्याबाहेर तशीच उभी. म्हटलं, आता भाकरीचा तुकडा आणतील. लांबून आलेल्या माणसावरून तुकडा ओवाळून बाहेर टाकतात, वाटेत काही मागं लागलं असेल तर बाहेरच राहावं म्हणून. आमच्याकडं गरिबातलं गरीब घरसुद्धा हे चुकवत नाही.

“या की आत,” बनाबाई म्हणाली.

“तुकडा?”

“ह्या घरात न्हाई ओवाळत.” एवढंच म्हणून ती खाली बघत आत गेली.

मोठ्यांच्या घरच्या तऱ्हा, असं मनात म्हणून मी आत गेले.

२

पुढच्या सोप्यात भिंतीवर ओळीनं फोटो होते. फेटेवाले, टोपीवाले, मिशावाले, सगळे वर्दीतले. शेवटचा नाथाजीचा. एक बसऱ्याला गेलेला, एक ब्रह्मदेशात, एक कुठल्याशा बर्फात. पण एकाही फोटोला हार नव्हता.

चंद्राचे सासरे लालासाहेब झोपाळ्यावर बसले होते. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, आवाज खालचा. सबंध गाव त्यांच्यासमोर चपला काढून उभं राहायचं. मी चपला काढल्या, पण उभी न राहता बसले.

“हार न्हाईत फोटोंना?” मी विचारलं.

“हार गेलेल्याला घालत्यात, शालूबाई. आमचं कोन गेलं न्हाई.” ते सहज म्हणाले. “आमच्या घरचा मानूस येतो म्हनला की येतो.”

मी चंद्राकडं बघितलं. कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. तार आल्यावर मी इथं आले होते तेव्हाही कुणी तिच्या कुंकवाला हात लावला नव्हता, आणि मला मनापासून बरं वाटलं होतं. म्हटलं होतं, पुढारलेले लोक आहेत. आता मात्र ते कुंकू मला खटकायला लागलं.

दिवेलागणीला चंद्रानं घंगाळ रिकामं करून पुन्हा भरलं. टँकरचं पाणी, मी स्वतः बघितलं, पिण्याच्या पाण्यासारखं नितळ. ते पायरीवर ठेवून, शेजारी तांब्या ठेवून, खांद्यावर धुवट टॉवेल टाकून ती दारात उभी राहिली. मी म्हटलं, लालासाहेब शेतावर गेले असतील. पण ते तर माझ्यामागं झोपाळ्यावरच होते. झोपाळा थांबलेला. बनाबाईनं मला काहीतरी निवडायला दिलं आणि स्वयंपाकघरात बसवलं.

अर्ध्या घटकेनं मी बाहेर आले तेव्हा घंगाळात तळाला चार बोटं पाणी होतं. आणि चिखल.

मी वाकून चिमटीत घेतला. आमच्याकडची माती काळी, नाहीतर मुरमाड. हा चिखल राखेच्या रंगाचा, बुळबुळीत, आणि त्यात पाणवनस्पतीची एक हिरवी काडी. तालुक्यात कुठं ओंजळभर ओल नव्हती. आणि एवढं पाणी कुणी पायावर घेतलं म्हणावं, तर पायरीचा दगड कोरडा ठणठणीत.

मी चिखल पदराला पुसला. मग तो डाग बघत बसले. कुणीतरी नदीकडून आलं असेल, असं म्हणायला गेले तर नदीतही वाळूच होती.

३

दुसऱ्या दिवशी मी बनाबाईला मागच्या दारी गाठलं. ती राखेनं घंगाळ घासत होती.

“हा चिखल कुठला?”

“रोज चिखल नसतो,” ती म्हणाली. “कवा कवा वाळू असती. तांबडी, बारीक. मी घासून टाकती.”

“बनाबाई, मी नर्स आहे. मला भुताखेतांचं सांगू नका.”

“मी कुठं काय सांगितलं? तुमी इचारलं, मी वाळू म्हनलं.”

तिचंही खरं होतं. मग तीच बोलली, घासता घासता, माझ्याकडं न बघता.

“मालकांची भन हरणाबाई, ठावं हाय का? पुन्याला ऱ्हायची. हितनं निघताना पायरीवर येते म्हनली आन् गेली. तिकडंच तापानं मेली. तवापास्नं दुपारच्याला मी चुलीपुढं बसली की मागं कोनतरी पीठ चाळतं. चाळण वाजती. बघाया गेलं की थांबती. बायामानसाला पन सुटका न्हाई ह्या घरात, बाई. येते म्हनलं की यायचं.”

मला हसू आलं, आणि ते आल्याचा मला राग आला. येते काय आपण ठरवून म्हणतो? जन्मल्यापासून तोंडात बसलेलं. निघताना ‘जाते’ म्हणू नये, जायचं ते मेल्यावर, म्हणून लहानपणी आई तोंडावर चापट मारायची. मी स्वतः या पायरीवरून मागच्या खेपेला ‘येते हं’ म्हणून गेले होते. आणि आले होते की.

हे मनात आलं आणि मी पुढं विचार करायचं बंद केलं.

जेवण झाल्यावर मी सरळ लालासाहेबांपुढं विषय काढला. भांडायची तयारी करून गेले होते. म्हटलं, चंद्राला शिकू द्या, दोन वर्षांचा प्रश्न आहे, पुढं काय ते ती ठरवेल. ते शांतपणे सुपारी कातरत होते.

“न्या की,” ते म्हणाले. “आमी काय बांधून ठेवलीया? शिकू दे. नोकरी करू दे. पार मुंबईला जाऊ दे. फकस्त पायरीवर येते म्हनून जायाचं. रीत हाय.”

एवढ्या सहज हो म्हणणाऱ्या माणसाची मला दवाखान्यातसुद्धा धास्ती वाटते. दोन वर्षं, दहा वर्षं, त्यांना घाई नव्हतीच. त्यांना तो एक शब्द पाहिजे होता. मेल्यानंतरची चंद्रा पाहिजे होती.

४

त्या संध्याकाळी बनाबाईनं पुन्हा भाजी निवडायला दिली. मी सूप तिच्या हातात परत दिलं आणि सोप्याच्या कोपऱ्यात, दरवाज्यातून पायरी दिसेल अशी बसले. लालासाहेबांनी पायानं झोपाळा थांबवला. बाहेर अजून चांगला उजेड होता. समोरच्या रस्त्यानं एक धनगर मेंढरं घेऊन गेला, त्यांची धूळ खाली बसली, आणि मग रस्ता रिकामा झाला.

आधी आवाज आला. अगदी घरगुती आवाज. एका पायाची टाच दुसऱ्या पायावर घासतात ना, चिखल काढायला, तो. मग पाण्याचा. तांब्या जागचा हलला नाही, पण घंगाळातलं पाणी एका अंगाला कलंडलं आणि बोटभर खाली गेलं. थोडं थांबून पुन्हा टाच घासल्याचा आवाज. पुन्हा पाणी खाली. ओळीत उभं राहून एकेकानं पुढं यावं, तसं चाललं होतं. कुणाला घाई नव्हती. पलटणीतली शिस्त.

मी स्वतःला सांगत होते की घंगाळाला भोक असेल. भोक असेल तर दगड भिजेल. दगड भिजत नव्हता.

शेवटी चंद्रानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दोन्ही हातांनी पुढं धरला. टॉवेलचं मधलं कापड खाली ताणलं गेलं. मग एक टोक डावीकडं ओढलं गेलं, दुसरं उजवीकडं. पोरीचे हात लाकडासारखे ताठ झाले. ती हसत होती. लग्नात बोहल्यावर हसली होती तसंच, ओठ मिटून. तिच्या डोळ्यांत मात्र हसू अजिबात नव्हतं.

मी उठले, तिला दंडाला धरून आत ओढलं आणि माडीवर नेलं. टॉवेल तिच्या हातातून सुटला होता. तो खाली पडलेला मला दिसला नाही.

“किती दिवस?” मी विचारलं.

“तार आल्यापास्नं.” ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली, लहानपणी पडायची तशी. “आक्का, आधी मला बरं वाटायचं. म्हनलं, येत्यात तर येऊ द्यात. देह न्हाई तर न्हाई. पन ते बोलत न्हाईत. नुसतं पाय धुत्यात आन् आत येत्यात. आन् आता टॉवेल दोघं-तिघं ओढत्यात. मला कळत न्हाई ह्यातलं आमचं कोन. तीन म्हैन्यांचा संसार, आक्का. त्यांचं तोंडसुद्धा मला आता फोटो बघून आठवावं लागतं.”

मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. खाली सोप्यात कुणीतरी चाललं. लालासाहेबांची पावलं मला ओळखू येत होती. ही त्यांची नव्हती.

“मला न्यायचं आसंल तर उद्याच ने,” चंद्रा म्हणाली.

५

सकाळी आम्ही ट्रंक घेऊन निघालो. बनाबाईनं फडक्यात भाकऱ्या बांधून दिल्या आणि माझ्या कानाशी म्हणाली, “समद्या खाऊ नगा. एक ऱ्हाऊ द्या.” मी मान हलवली. मला कळलं होतं.

लालासाहेब पायरीशी उभे होते. नवा फेटा बांधून, जणू मुलालाच निरोप द्यायला आलेत. चंद्रा त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वाट बघत राहिले.

चंद्रानं तोंड उघडलं. “ये...”

मी तिच्या तोंडावर हात दाबला. आईची चापट बसायची त्याच जागी.

“जाते म्हण,” मी म्हटलं.

“असं कुठं म्हनत्यात का, आक्का? दारात?”

“या दारात असंच म्हणायचं. मी म्हणते आधी.” मी लालासाहेबांकडं वळले. “लालासाहेब, मी जाते. जिवंतपणी जाते आणि मेल्यावरही इकडं फिरकायची नाही. माझा शब्द मी मागच्या खेपेला दिला होता, तो येऊन फेडला. आता तुमचं माझं काही नाही.”

आयुष्यात त्यांच्याशी असं कुणी बोललं नसावं. मला वाटलं, चिडतील, गडी बोलावतील. त्यांनी तसं काहीच केलं नाही. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

“तिला अशी नेऊ नगा,” ते म्हणाले. “शालूबाई, तुमच्या पाया पडतो. ती जाते म्हनून गेली तर पोरगं कुनासाठी यील? मी बाप हाय. मला नुसता पायांचा आवाज येतो. तेवढ्यावर दिवस काढतोय मी.”

त्यांचा राग करणं मला जमत होतं, हे जमत नव्हतं. पण ती माझी बहीण होती, पाण्याचं घंगाळ नव्हती.

“म्हण, चंद्रा.”

चंद्रानं पदर डोक्यावरून घेतला. घराकडं तोंड करून, स्पष्ट, शाळेत कविता म्हणावी तशी ती म्हणाली, “जाते मी.”

घरात काहीतरी थांबलं. इतके दिवस ऐकू येत होतं आणि मला कळलं नव्हतं असं काहीतरी, ते थांबल्यावर कळलं. पायाखालचा दगड थंड झाला. मे महिन्यातल्या उन्हात.

आणि सोप्यातून, फोटोंच्या ओळीकडून, एक तरुण आवाज आला. घाईत चपला शोधणाऱ्या माणसाचा असावा तसा.

“थांब. येतो.”

लालासाहेब गर्रकन वळले. “नाथा?” ते म्हणाले. दीड वर्ष नुसती पावलं ऐकणाऱ्या बापानं पोराचा आवाज ऐकला होता, आणि पोरगं निघालं होतं.

मी चंद्राचा हात धरला आणि चालायला लागले. मागं बघितलं नाही. येतो या शब्दाला दोन अर्थ आहेत, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

६

एसटीनं कोरेगाव आणि तिथून पॅसेंजरनं मिरज. चंद्रा खिडकीशी बसली होती, मी तिच्याशेजारी. गाडीला गर्दी होती, माणसं दाराशी लोंबकळत होती, पण आमच्या समोरच्या बाकावरची एक जागा कुणी घेतली नाही. बसायला येत, वाकत आणि पुढं जात. बाकड्याला ओल आहे, असं एकजण कुरकुरला. मी उरलेली भाकरी मांडीवर घट्ट धरून बसले.

खोलीवर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. चंद्राला मी पायरीखालीच थांबवलं आणि शेजारच्या भामाबाईंना हाक मारून तांब्याभर पाणी आणायला सांगितलं. भाकरीचा तुकडा मोडला. आधी स्वतःवरून ओवाळून टाकला. मग दुसरा मोडून चंद्राकडं वळले.

तिनं माझं मनगट धरलं. “नगं, आक्का.”

म्हटलं, इथवर आणून पोरगी हरली. तिचे डोळे भरले होते. तो तीन महिन्यांचा संसार तिच्या मागं उभा होता, आणि यावेळी तो एकटाच आला होता, तिच्यासाठी आला होता. हे तिलाही कळत होतं. मला तिला काहीही म्हणायचा अधिकार नव्हता.

“तू नगं,” ती म्हणाली. “मी.”

तिनं तुकडा माझ्या हातातून घेतला. स्वतःवरून तीनदा ओवाळला आणि डाव्या बाजूला, गल्लीत फेकला. तांब्यातलं पाणी ओतलं. मागं न बघता, हलक्या आवाजात, बायको नवऱ्याशी बोलते तशी ती बोलली.

“जावा आता तुमी. येऊ नगा.”

मग ती उंबरा ओलांडून आत आली आणि भिंतीला टेकून रडली. तार आल्यापासून पहिल्यांदा. मी दार लावलं नाही. बाहेरच्या पायरीवर राखेच्या रंगाचा ओला चिखल होता, दोन पावलांपुरता, टाचा घराकडं. मी खराटा घेतला आणि तो घासून काढला.

चंद्रा पहिल्या वर्षाला पास झाली. आम्ही दोघी ड्यूटीला निघतो तेव्हा मोठ्यानं ‘जाते’ म्हणतो. भामाबाई कानांवर हात ठेवतात, तरण्याताठ्या पोरी, असं अभद्र बोलू नये म्हणतात. पावसाळ्यात सगळ्यांच्याच पायऱ्यांवर चिखल असतो. मी आमचा रोज वाकून बघते, रंग बघते आणि मग खराटा मारते. एकदा फडतऱ्यांकडचा गडी बाजारात भेटला. म्हणाला, मालक आता दिवसभर पायरीवर बसून असतात, पाणी स्वतः भरतात, आणि घंगाळ सकाळी तसंच भरलेलं असतं.

ऐकून मला वाईट वाटलं. तरी चंद्राला मी ते सांगितलं नाही. ती रात्रपाळीला निघाली होती. दारात चप्पल घालून ती म्हणाली, “जाते, आक्का,” आणि सकाळी सात वाजता परत आली, दमलेली, भुकेली, आपल्या पायांनी.